गालावरचा उजेड

परवा सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या आणि टेबलावर सहज बोट फिरवलं. बोटाला पिवळसर, हलकी, जराशी खाजरी धूळ लागली. म्हणजे धान खळ्यावर आलं. मला पंचांग पाहावं लागत नाही, धूळच सांगते. वैशाखात मुरमाची तांबडी धूळ येते. ती जड असते, खाली बसते, ओल्या फडक्यानं निघते. गिरणीच्या धुराड्यातून येणारी कोंड्याची राख तेलकट, पुसायला जावं तर आणखी पसरते. पण धानाच्या या धुळीला वजनच नाही. ती पडत नाही, तरंगते. दाराच्या फटीतून उन्हाची पट्टी आत येते तेव्हाच ती दिसते. त्या पट्टीत लाखो कण आपापल्या वाटेनं चाललेले असतात, कुणी कुणाला धडकत नाही. इतकी वर्षं तिच्याशी भांडतो आहे, तरी ती पट्टी दिसली की हातातलं काम थांबतं.

फोटोवाल्याचे दोन वैरी, धूळ आणि भलत्या वाटेनं आलेलं ऊन. धूळ कॅमेऱ्यात घालायच्या काचेच्या प्लेटवर बसली तर फोटोवर काळे टिपके उठतात. ती लेन्सच्या काचेवर बसली तर टिपके दिसत नाहीत, पण सगळा फोटो ताकासारखा पातळ होतो. आणि अशा धुळकट काचेत सूर्य डोकावला की काय होतं, ते एका हंगामानं मला शिकवलं.

मी मुळात आरसेवाला. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. एका दिवसाची जत्रा, दुकानं, पाहुणे, रात्री दंडारीचं नाटक. त्या मंडयांमधून मी टोपलीत आरसे-फण्या घेऊन फिरत असे. बाप लवकर गेला, शाळा तिसरीत सुटली, जे शिकलो ते गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून. आरसा विकायची एक युक्ती असते. बाईच्या हातात तो द्यायचा आणि भाव न सांगता दुसरीकडे पाहायचं. माणूस स्वतःला पाहू लागला की घासाघीस विसरतो. असं करत करत पैसे साठवले आणि कॅमेरा घ्यायला छोट्या लाईनच्या गाडीनं जबलपूरला गेलो.

त्या दुकानदाराचं नाव मी इथं लिहीत नाही. जुना कॅमेरा होता, सागवानी पेटी, चामड्याचा भाता, पितळेत बसवलेली लेन्स. मी दोन दिवस त्याच्या पायरीवर बसून राहिलो. त्यानं चहा पाजला, शिव्या दिल्या, पुन्हा चहा पाजला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "अच्छा भैया, तुम जीते." कागदात गुंडाळून त्यानं माल दिला. गाडीत मी सगळ्या रस्त्याला राजासारखा बसलो होतो.

पुढे दोन महिन्यांनी रेल्वेच्या एका गार्डानं माझा कॅमेरा पाहिला आणि विचारलं, "इसका हूड किधर है?" हूड म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी पितळी नळी, आतून काळी. घराला जशी छपरी तशी ती लेन्सला, बाजूचं ऊन आत येऊ देत नाही. मी दुकानात पाहिला तेव्हा तो लावलेला होता. मी भाव पाडला आणि त्या माणसानं गुंडाळताना छपरी काढून घेतली. तसाच पुन्हा जबलपूरला गेलो आणि त्याच्या दुकानासमोर गर्दी जमेपर्यंत ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "हूड की तो बात ही नहीं हुई थी." खरं होतं. लेन्सचा भाव ठरला होता. ते खरं होतं, हेच मला आजही सहन होत नाही.

टिनवाल्यानं तासाभरात पत्र्याची नळी करून दिली असती. मी करून घेतली नाही. माझ्या हक्काचं पितळ त्याच्या कपाटात पडलेलं असताना मी टिन का लावू? बायको म्हणायची, "तुमचा राग त्या दुकानदारावर, अन् ऊन काऊन खाऊन राहिली ती काच?" फोटो काढताना एका हातानं टोपी लेन्सवर धरून सावली करायची आणि दुसऱ्या हातानं झाकण काढायचं, अशी सवय मी लावून घेतली होती. चालून जात होतं.

लेन्स पुसायची वेळ पहाटेची. दव पडलेलं असतं, धूळ जमिनीला चिकटलेली असते. अंगणात पाणी शिंपायचं, काचेवर तोंडाची वाफ सोडायची आणि धुऊन धुऊन विरलेल्या धोतराच्या तुकड्यानं मधून कडेकडे गोल पुसायचं. वाफ उडत जाते तशी काच कडेकडून उघडते. मधे एवढंसं धुकं उरतं, मग तेही जातं. त्या क्षणी काच नाहीशी होते. हातात पितळेचं कडं असतं आणि त्यात सकाळ असते. असल्या गोष्टीची किंमत करायला मला कधी जमलं नाही, आणि किंमत करणं हाच तर माझा धंदा.

तो हंगाम धानाला चांगला गेला होता. दवनीवाड्याच्या टीकारामजींचा निरोप आला. घरची शेती, शब्दाला मान असलेला माणूस. थोरली मुलगी कुंता लग्नाची झाली होती. मुर्रीच्या दयारामजींकडून विचारणा होती. त्यांचा मुलगा बिलासपूरला रेल्वेत नोकरीला होता आणि त्यानं लिहिलं होतं, आधी फोटो पाठवा, मग बघायला येतो. फोटोवरून मुलगी पाहायची ही चाल तेव्हा आमच्याकडे नवीन होती. म्हातारे नाकं मुरडत होते, पण नोकरीवाल्या पोराला कोण काय म्हणणार?

मी पोचलो तेव्हा दिवस कलायला लागला होता. खळ्यावर बैलांची पात धानाभोवती फिरत होती. या मळणीला आम्ही चुरणा म्हणतो. दोन बाया सुपानं धान उपणत होत्या आणि वाऱ्यावर जाणारा भुसा उन्हात सोन्याच्या धुरासारखा दिसत होता. कुंताला धानाच्या रचलेल्या ढिगापाशी, पुंजण्यापाशी, उभी केली. सावळी, उंच, सरळ पाहणारी मुलगी. मी काळ्या कापडात डोकं घातलं.

कापडाखालचं जे जग आहे ते ज्यानं पाहिलं नाही त्याला कसं सांगावं? मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं. आभाळ खाली, जमीन वर. बैल डोक्यावर चालतात आणि भुसा खाली उडतो. आवाज बाहेरचा येतो, पण चित्र वेगळ्याच गावचं वाटतं, जिथं कुणालाच पडायची भीती नाही. एकदा धान कापलेल्या शेतात, बांधीत, सारसांची जोडी मी अशी पाहिली होती. दोन राखाडी पक्षी आभाळात पाय रोवून उभे, लाल माना खाली सोडलेल्या. प्लेट घालायचंच विसरलो.

त्या दिवशी मात्र कापडाबाहेर टीकारामजी बोलत होते.

"एका प्लेटच्या दामात दोन काढा जी. एक उभी बिलासपूरले, एक बसून घरी."

"दुसरी प्लेट काय माझ्या झाडाले लागते?"

"माझी पोरगी हाय म्हनून म्हनून राहिलो."

"पोरगी तुमची, प्लेट माझी."

दुसरी प्लेट पेटीत होती. रागानं मी ती काढली नाही. आणि हुज्जत घालताना दोन्ही हात कामात होते, टोपी डोक्यावरच राहिली. दिवसभराची धूळ काचेवर, सूर्य चौकटीच्या जरा वर. झाकण काढलं, तीन मोजले, लावलं. प्लेट घालण्याआधी दुधी काचेवर एक फिकट चांदवा तरंगताना दिसला होता. मला वाटलं, दिसतो आहे छान.

कागद उन्हात छापताना तो चांदवा वर आला. कुंताच्या उजव्या गालावर, कानापासून मानेपर्यंत, एक गोलसर पांढरा डाग. बाकीचा चेहरा स्वच्छ. मला तो उजेड दिसला. मी तसाच फोटो पाठवला.

मुर्रीला त्यांना त्या जागी कोड दिसलं.

कुणी तसं बोललं नाही. दयारामजींचा निरोप आला की पोराची नोकरी अजून पक्की नाही, पुढच्या साली पाहू. फोटो परत आला. पण तो ज्या ज्या हातांतून गेला होता त्या सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन मंडया होईस्तोवर बातमी चार गावांत फिरली. टीकारामजी लोकांना म्हणायचे, या, पोरीले डोऱ्यानं पाहा. पण लोकांनी त्यावरही तोड काढली होती. मंडईत एक बांगडीवाली माझ्यासमोरच दुसरीला सांगत होती, "डोऱ्याले आज नाई दिसत वो. अंगात असते, मंग साल-दोन सालानं वर येते. आरसेवाल्याच्या कॅमेऱ्यानं आदीच पाहून घेतलं."

म्हणजे माझा कॅमेरा खोटा नव्हता. फार खरा होता. ज्या यंत्राला छपरी नव्हती त्याला लोकांनी अंतर्ज्ञान देऊन टाकलं होतं. आता कुंतानं दहा गावांसमोर उभं राहून गाल दाखवला असता तरी काही होणार नव्हतं. कुणी स्थळ घेऊन येईना. तिच्या मागे धाकटी बहीण होती. टीकारामजी एकदा दुकानात आले, बाकावर बसले. भांडायला आले असते तर मला सोपं गेलं असतं.

"दुसरी प्लेट काढून घेतली असती तं," एवढंच ते म्हणाले, आणि उठून गेले.

मी घरात ताटं आपटली. जबलपूरवाल्याला शिव्या घातल्या. बायकोनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हूड त्यानं काढला. टोपी कोनं नाई धरली?"

दुसऱ्या दिवसापासून मी तो डाग शिकायला बसलो. दुसरा शब्द नाही त्याला. रोज दिवस कलला की घरामागच्या बांधीत कॅमेरा लावायचा, काच न पुसता, आणि सूर्य चौकटीच्या कडेला घ्यायचा. पहिले दोन दिवस नुसतं पांढरं धुकं. तिसऱ्या दिवशी तो आला. दुधी काचेवर एक मऊ गोल चांदवा, त्याच्या मागे दुसरा, लहान. मी कॅमेरा केसभर डावीकडे वळवला तर तो उजवीकडे सरकला. वर केला तर खाली गेला. सूर्य जिकडे जाईल त्याच्या बरोबर उलट दिशेला तो जात होता, मधल्या बिंदूला धरून, जणू दोघं एका तराजूच्या दोन पारड्यांत बसले आहेत. एवढा मोठा सूर्य. त्याला माझ्या काचेच्या कडेवर बोटभर जागा मिळाली, आणि तो आत येऊन बसला तोसुद्धा नियमानं. माझ्यासारख्या माणसाला आयुष्यभर वाटत आलं की जगात नियम नाही, जो जास्त ओरडेल त्याचं खरं. आणि इथं कुणी न ओरडता सगळं बरोबर चाललं होतं. मी कापडाखाली घामानं निथळत होतो आणि बाहेर यावंसं वाटत नव्हतं.

मग मी त्याला न्यायला शिकलो. भोपळ्यावर नेला. बायकोच्या लुगड्यावर नेला. शेजाऱ्याच्या म्हशीच्या कपाळावर बरोबर मधोमध बसवला आणि प्लेट खर्चून फोटो काढला. काळीभोर म्हैस, कपाळावर पांढरा चंद्र. शेजारी फोटो हातात घेऊन गोठ्यात गेला आणि म्हशीचं कपाळ चोळून आला.

"हिले काय झालं गा?"

"काई नाई. ऊन लागलं."

मुर्रीला दयारामजींच्या खळ्यावर गेलो आणि म्हणालो, तुमचा फोटो काढतो, फुकट. ते सावध झाले. माझ्या तोंडून तो शब्द त्या भागात कुणी ऐकला नव्हता.

"फुकट कायले?"

"हंगाम चांगला झाला म्हनून."

"तुमचा का माझा?"

"तुमचा. माझा तुमी बसवला."

ते हसले नाहीत, पण पागोटं नीट करून उभे राहिले. फोटोचा मोह फार मोठा असतो, आरशापेक्षाही. मागे चुरणा चाललेला, भुसा उडत होता, सूर्य तसाच. मी चांदवा आणला, त्यांच्या खांद्यावरून मानेवर घेतला आणि उजव्या गालावर ठेवला. या वेळी टोपी मुद्दाम खिशात ठेवली होती.

मुर्रीच्या मंडईच्या दिवशी त्यांच्या छपरीत पंधरा-वीस पाहुणे बसले होते. मी फोटो त्यांच्या हातात दिला आणि आरसे विकताना करायचो तसं दुसरीकडे पाहू लागलो.

फोटो एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि जो तो आधी फोटोकडे, मग दयारामजींच्या गालाकडे पाहू लागला. दयारामजींचा हात आपोआप गालावर गेला.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं.

"कायचं काय जी?"

"हा डाग."

"आता कॅमेऱ्यानं पाहिलं ते पाहिलं. अंगात असते म्हनतात. मंग वर येते."

दयारामजींचा मेव्हणा कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "भाऊजी, तुमच्या घरची सोयरीक तं आमी करून बसलो बापा." कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. दयारामजींच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. मी त्या क्षणाची महिनाभर वाट पाहत होतो, आणि तो आला तेव्हा गोड लागला नाही. साठीचा माणूस भरल्या छपरीत स्वतःचा गाल चाचपत होता. दवनीवाड्याला एक मुलगी महिनाभर हेच करत असणार, तिच्याभोवती तर छपरीही नव्हती.

मी म्हशीचा फोटो काढून पुढे ठेवला. मग दिवस कलल्यावर सगळ्यांना खळ्यावर नेलं, कॅमेरा उभा केला आणि दयारामजींना कापडाखाली जायला सांगितलं. पाहुणे समोर ओळीनं उभे राहिले. मी कॅमेरा हळूहळू वळवू लागलो. चांदवा कुठं जातो ते मला आता न पाहताही कळत होतं. तो मेव्हण्याच्या तोंडावर गेला, तिथून पाहुण्यांतल्या पुजाऱ्याच्या, तिथून त्यांच्या स्वतःच्या धाकट्या भावाच्या. काळ्या कापडाखाली त्यांचं शरीर एकदम स्थिर झालं होतं. मला ठाऊक होतं ते काय पाहत असतील. आपलंच खळं, आपलेच बैल, आपलेच लोक, सगळे डोक्यावर उभे, आणि त्यांच्यातून एक उजेड चाललेला, कुणालाही न विचारता, कुणालाही न वगळता.

ते बाहेर आले तेव्हा डोळे पाणावलेले होते. ऊनही असेल.

"एवढं होत राह्यते आतमंदी," ते म्हणाले, "अन् आमाले मालूमच नाई."

चार दिवसांनी ते दवनीवाड्याला गेले. मलाही कॅमेऱ्यासकट बोलावून नेलं. माफी मागतील असं मला वाटलं होतं. माझ्यासारखाच माणूस तो, मागितली नाही. छपरीत बसून म्हणाले, "झालं गेलं. आता एक साफ फोटो काढून देऊ बिलासपूरले. बोलणी पुढं चालवू."

टीकारामजींच्या चेहऱ्यावर महिन्याभरानं रंग आला. ते हो म्हणणार तेवढ्यात आतल्या दारातून कुंता दयारामजींशी बोलली. मुलीनं अशा वेळी बोलायचं नसतं.

"मामाजी, डाग नव्हता हे आता समजलं तुमाले. पन असता, तं? मी फेकून द्याची वस्तू होतो का?"

दयारामजी खाली पाहू लागले. टीकारामजी म्हणाले, "पोरी, आत जा." ती गेली नाही. बाहेर अंगणात आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, त्या कापडाखाली सारेच जाऊन आले. माझाच फोटो होता, अन् मीच नाई पाहिलं."

एवढ्या मंडया फिरलो, एवढ्या बायांचे फोटो काढले, पण एकीलाही मी कापडाखाली घेतलं नव्हतं. डोक्यातच आलं नव्हतं. मी कापड उचलून धरलं. ती आत गेली. अंगणात आम्ही तीन पुरुष, वयानं आणि आवाजानं मोठे, उन्हात उभे राहिलो आणि एकानंही तोंड उघडलं नाही. खळ्यावर बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. ती फार वेळ आत होती. काय पाहिलं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर बापाला म्हणाली, "त्याइले बोलवा बिलासपूरवरून. इथं, खळ्यावर, दिवस कलल्यावर. मी पाहीन, मंग सांगीन."

गावात या गोष्टीची थट्टा झाली. मुर्रीला तर कुणी म्हणालं, पोरगा का बैल होय, खळ्यावर उभा करून पाहाले? पण दयारामजींनी स्वतःच्या हातानं बिलासपूरला पत्र लिहिलं. काय लिहिलं ठाऊक नाही. मुलगा आठ दिवसांची सुट्टी काढून आला. लाजरा, काडीसारखा, रेल्वेचा कोट घातलेला. त्याला पुंजण्यापाशी उभा केला तर हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. आधी मागे बांधले, मग पुढे घेतले, मग सोडून दिले.

कुंता कापडाखाली होती. मी बाजूला झालो होतो. प्लेट घातलेली नव्हती, फोटो काढायचाच नव्हता. दोन्ही घरची माणसं बांधावर बसली होती. सुपं थांबली होती, पण आधी उडालेला भुसा अजून हवेत होता, आणि सूर्य त्याच जागी आला होता. बायकोनं निघताना आठवण केली होती म्हणून मी टोपी हातात घेतली आणि लेन्सवर सावली धरायला पुढे झालो.

"नको दादा," आतून आवाज आला. "राहू द्या."

मग काळ्या कापडाखालून तिचा हात बाहेर आला. पेटीच्या कडेला चाचपडला, आणि तिनं कॅमेरा अगदी केसभर वळवला, चांदवा त्याच्या गालावर येईल एवढाच, तिचा तिनंच.